गणित, इतिहास, मराठीच्या तासाला 'कम्प्युटेशनल थिंकिंग': कोणी खरंच केलंय का?

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. मागच्या आठवड्यात प्रशिक्षण झालं, विषय 'सर्व विषयांत संगणकीय विचार' (कम्प्युटेशनल थिंकिंग, म्हणजे प्रश्नाचे तुकडे पाडून पायरीपायरीने उत्तर शोधणं). विघटन, आकृतिबंध, अमूर्तीकरण, अल्गोरिदम हे चार शब्द सकाळी साडेदहाला पडद्यावर आले ते साडेचारला उतरले. शेवटी गूगल फॉर्म: 'आपल्या विषयात संगणकीय विचार कसा राबवाल? (५० शब्द)'. शेजारी बसलेले हिंदीचे सर म्हणाले, "मॅडम, तुमचं झालं की मला पाठवा, मी गणित काढून हिंदी घालतो."

हसले मी, पण प्रश्न डोक्यातून जात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे आहे, आता तिसरीपासून आणायचं चाललंय. आमच्या संगणक कक्षात बारा संगणक, चालतात सात, आणि माझ्या आठवी 'ब' मध्ये पोरं चौसष्ट.

तर प्रश्न असा. तुमच्यापैकी कोणी आपल्या विषयाच्या तासाला हे केलंय का? नक्की काय केलं? त्याने तो *विषय* जास्त कळला, की विषयाच्या ताटात संगणक वाढला एवढंच झालं?

एक विनंती. 'चहा करण्याचा अल्गोरिदम' कृपया नको. तो प्रशिक्षणात तीनदा पिऊन झालाय.

---

टवाळखोर (सोमवार, रात्री ९:४८)

पहिला!
चहा नको तर पोहे घ्या. "चवीपुरतं मीठ" ही पायरी संगणकाला समजावून दाखवणाऱ्यास माझ्यातर्फे एक प्लेट.

---

कोडमोडी (सोमवार, रात्री १०:१५)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. संगणकाशिवाय संगणकीय विचार म्हणजे विहिरीत न उतरता पोहणं शिकवणं. मुलांना पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला शिकवा, बाकी आपोआप येतं. इतिहास-मराठीच्या शिक्षकांवर हे लादणं म्हणजे दोन्ही विषयांची वाट लावणं.

---

अवलिया_आजोबा (मंगळवार, सकाळी ६:०५)

कोडमोडी, आमच्या वेळी विहीर होती, पण उतरायला दिवसातून एकदाच मिळायचं.

१९७१ साली एम.एस्सी.ला असताना कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० या यंत्रावर आमचे प्रोग्राम चालायचे. फोरट्रान या संगणकभाषेत कागदावर लिहायचं, कार्डं पंच करून घ्यायची, गठ्ठा रबरबँड लावून खिडकीत द्यायचा. उत्तर दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला की उत्तराच्या जागी चुकीचा शेरा, आणि दिवस गेला. त्यामुळे गठ्ठा देण्याआधी आम्ही दोघं-तिघं समोरासमोर बसायचो. एक जण यंत्र व्हायचा. दुसरा ओळ वाचायचा, यंत्र कागदावर तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल अजिबात लावायची नाही. "अरे, तुला कळतंय ना मला काय म्हणायचंय!" असं म्हटलं की यंत्राने मख्ख चेहरा करायचा.

मी जे काही शिकलो ते त्या मख्ख चेहऱ्याकडून. त्याला वीज लागत नव्हती.

---

शुद्धलेखन_पोलीस (मंगळवार, सकाळी ८:३०)

'संगणकीय विचार' हे भाषांतरच फसलेलं आहे. संगणक नसताना करायचा विचार संगणकीय कसा? 'गणनविचार' म्हणा. आणि धाग्याच्या शीर्षकात इंग्रजी शब्द कशाला?

---

टवाळखोर (मंगळवार, सकाळी ८:३३)

'आकडेमोड-चिंतन'. 'यंत्रमनन'. 'गणकगीता'.

---

लंबक_मास्तर (मंगळवार, दुपारी १:१०)

मराठीत शब्द आहे की. रीत. "रीत लिहिली नाही म्हणून एक मार्क कापला" हे ज्याने ऐकलं नाही तो मराठी शाळेत गेलेला नाही. रीत म्हणजे दुसऱ्याने डोळे मिटून तशीच केली तर तेच उत्तर यायला हवं. अल्गोरिदमची याहून चांगली व्याख्या मला बी.एस्सी.च्या पुस्तकात सापडलेली नाही. (त्यातली व्याख्या मुलं पाठ करतात. दोन मार्कांना येते.)

ही कल्पना काल-परवाची नाही हेही नोंदवतो. शिक्षणतज्ज्ञ सीमोर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा केली ती १९६७ ची (पुढे तिच्यात आज्ञा देऊन चालवायचं कासव आलं), आणि 'कम्प्युटेशनल थिंकिंग' हे शब्द पेपर्टच्याच १९८० च्या पुस्तकात येतात. २००६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांनी छोटा लेख लिहून ते गाजवले. पेपर्टना मुलांनी भूमिती *आतून* अनुभवावी असं वाटत होतं, विंगबाईंना संगणकशास्त्रज्ञाची विचार करायची सवय सगळ्यांना लागावी असं. प्रशिक्षणात या दोन्हींची भेळ होते आणि वर चहा.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाकडे. मी पदवीला भौतिकशास्त्र शिकवतो. लंबकाचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण ते लहान कोनापुरतं खरं. साठ अंशांवरून सोडला तर लंबक त्या सूत्रापेक्षा साधारण ७ टक्के जास्त वेळ घेतो. एक मीटरच्या दोरीला २.०१ ऐवजी २.१५ सेकंद. प्रयोगशाळेत मोजून मिळतं. पण "का?" म्हटलं की गणित पहिल्या वर्षाच्या आवाक्याबाहेर जातं, म्हणून आम्ही मास्तर लोक वर्षानुवर्षं "कोन लहान ठेवा रे" म्हणून मोकळे होतो.

मी एक्सेलमध्ये तीन रकाने करायला लावले: वेळ, कोन, वेग. पुढची ओळ मागच्या ओळीवरून. एवढ्या कोनावर गुरुत्व किती ओढेल ते काढा, त्यावरून वेग बदला, वेगावरून कोन बदला, आणि खाली ओढत न्या. आलेख काढला तर लंबक दर फेरीला आधीपेक्षा *वर* जायला लागला. वर्गात एकदम गोंगाट. एक मुलगी म्हणाली, "सर, याला फुकटची ऊर्जा मिळतेय."

पुढचे दोन तास मी जवळजवळ गप्प होतो. कोणी म्हणे सूत्र चुकलं, कोणी म्हणे एक्सेल चुकतं. एकाने वेळेचा टप्पा ०.०५ सेकंदावरून ०.०१ केला. चढणं कमी झालं, पण थांबेना. शेवटी कोणाच्या तरी हातून चुकून झालं. कोन काढताना त्याने मागच्या ओळीतला जुना वेग घेण्याऐवजी त्याच ओळीतला नवा घेतला, आणि लंबक शहाण्यासारखा झुलायला लागला. एका खान्याचा फरक!

ऊर्जा अक्षय्य असते हे वाक्य त्या मुलांनी सातवीपासून लिहिलंय. ते *तपासायचं हत्यार* आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. कोडमोडी, एकही ओळ पायथन नव्हतं.

---

पाटीपेन्सिल (मंगळवार, रात्री ९:०५)

मास्तर, दंडवत. 'रीत' मी ढापली आहे. उद्यापासून वर्गात हाच शब्द.

---

खेड्यातला_गुरुजी (मंगळवार, रात्री १०:२०)

सगळं छान आहे. पण मी द्विशिक्षकी शाळेत आहे. चौथीतल्या अकरापैकी चौघांना हातच्याची वजाबाकी येत नाही, दोघांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत. त्यात माझे दोन दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातात. यात 'अमूर्तीकरण' कुठे बसवू? दर पाच वर्षांनी नवीन शब्द येतो, जुन्या शब्दाचं रजिस्टर कपाटात जातं. ज्ञानरचनावाद आला, गेला. हेही जाईल. माझा विरोध नाही, फक्त दम लागतो.

---

अवलिया_आजोबा (बुधवार, सकाळी ६:१०)

गुरुजी, तुमचं पटलं. पण हातच्याची वजाबाकी हीच त्या पोरांच्या आयुष्यातली पहिली मोठी रीत. ती ज्याला येत नाही तो बहुतेक वेळा कुठल्यातरी एकाच पायरीला अडलेला असतो. मधे शून्य आलं की मोठ्यातून लहान वजा करून मोकळा होतो, किंवा हातचा घेतो आणि फेडायला विसरतो. चौघांच्या वह्या शेजारी ठेवून *चुका* वाचा. चार मुलं चुकतात असं दिसायचं नाही, दोनच वेगळ्या चुका दिसतील. आम्ही कार्डांच्या गठ्ठ्यात हेच शोधायचो.

---

खेड्यातला_गुरुजी (बुधवार, सकाळी ७:३०)

बघतो वह्या.

---

रायगडवारी (बुधवार, दुपारी ३:४५)

इतिहासाचा शिक्षक हजर आहे. कोडमोडी म्हणतात 'लादणं'. अहो, आमच्याकडे हे आधीपासूनच आहे, फक्त कोणी त्याला नाव दिलं नव्हतं.

नववीला सांगतात की शकात ७८ मिळवा, इसवी सन मिळेल. राज्याभिषेक ज्येष्ठ शके १५९६, अधिक ७८, सन १६७४. छान. लगेच मी फळ्यावर लिहितो: शिवजन्म, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. मुलं बेरीज करून १६२९ म्हणतात. मग मी पुस्तक उघडायला लावतो. १९ फेब्रुवारी १६३०.

"सर, पुस्तक चुकलंय?" मी काहीच बोलत नाही. (अवलिया आजोबांचा मख्ख चेहरा मीही करतो, आज कळलं.) पाच-सात मिनिटांत कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो. शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत. फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष उलटून गेलेलं असतं. मग मुलं रीत दुरुस्त करतात: चैत्रापासून पुढे ७८, माघ-फाल्गुनाला ७९. आणि मधे? मार्गशीर्ष-पौषात १ जानेवारी नेमका कुठे पडतो ते दर वर्षी वेगळं, कारण अधिक महिना सगळं पुढे ढकलतो. तिथे नुसत्या महिन्याच्या नावावर भागत नाही, तिथी लागते. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, दोन महिन्यांसाठी रीतच नाही." मी म्हटलं, आहे, पण तिला जास्त माहिती लागते.

हुशार वर्ग मिळाला तर पुढे जातो. इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीची पत्रं घ्या. त्यांचं वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे आपण जिला फेब्रुवारी १६३० म्हणतो तिच्यावर त्यांचा कारकून १६२९ घालणार. आणि पत्रात राज्याभिषेक शक असेल तर तिसरंच कोष्टक. एका घटनेला तीन आकडे, तिन्ही बरोबर. मुलांना कळतं की तारीख आकाशातून पडत नाही, कोणीतरी ती *काढलेली* असते, आणि काढताना चुकू शकते. सनावळ्या पाठ करण्याचा कंटाळाही थोडा कमी होतो. थोडाच.

---

मावळा_१६७४ (बुधवार, दुपारी ४:०२)

जयंती तिथीनेच साजरी व्हायला पाहिजे. तारखेचा प्रश्नच येत नाही.

---

सह्याद्रीपुत्र (बुधवार, दुपारी ४:०९)

शासनाने तारीख ठरवलेली आहे. उगाच वाद नको.

---

मावळा_१६७४ (बुधवार, दुपारी ४:११)

शासन कोण ठरवणार??

---

संपादक (बुधवार, दुपारी ५:००)

या विषयावर आधीच अकरा धागे आहेत. सतरा प्रतिसाद उडवले आहेत. मूळ विषयावर या.

---

टवाळखोर (बुधवार, दुपारी ५:०४)

संपादकांची रीत: जर (शिवजयंती) तर (उडवा).

---

बागेश्री_७ (बुधवार, रात्री ११:१५)

पालक म्हणून. मुलगी पाचवीत असताना एका ऑनलाइन कोडिंग क्लासवाल्याचा फोन आला. "मॅडम, तुमच्या मुलीचं वय निघून चाललंय." दहा वर्षांची पोरगी! घाबरून पैसे भरले. सहा महिन्यांत तिने एक फुगे फोडायचा गेम 'बनवला', म्हणजे ताईने सांगितलेले ठोकळे सांगितलेल्या जागी ओढले. परवा विचारलं, फुगे जास्त वेगाने यायला काय बदलशील? "ते ताईला माहीत."

त्या मानाने तिची आजी ठिपक्यांची रांगोळी शिकवते तेव्हा पोरगी स्वतः विचारते, "सात ते सात ऐवजी नऊ ते नऊ घेतले तर मधलं फूल कसं करायचं?"

---

पणजीकर_बाय (गुरुवार, सकाळी १०:२०)

आमच्या गोव्यात २०२१ पासून सहावी ते आठवीला कोडिंग-रोबॉटिक्सची योजना आहे, 'केअर्स' म्हणतात तिला. मुलांना भारी आवडतं, किट बघितलं की डोळे चमकतात. मी विज्ञान शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये झालं असं की तो तास वेगळा, ते शिक्षक वेगळे, आणि माझ्या तासाशी त्याचा काही संबंधच नाही. एकदा मीच त्या सरांना म्हटलं, तुमचा तापमानाचा सेन्सर मला दोन दिवस द्या. पावसाळ्यात मातीच्या मडक्यातलं पाणी किती थंड होतं आणि मे महिन्यात किती, हे मुलांनी दर दहा मिनिटांनी नोंदवलं. बाष्पीभवन आणि आर्द्रता एका आलेखात आली. सेन्सरपेक्षा दोन शिक्षक एका टेबलाशी बसले हेच कठीण काम होतं, खरं सांगते.

---

लीड्सकर (गुरुवार, दुपारी २:५०)

इंग्लंडचा अनुभव. इथे २०१४ मध्ये जुना आयसीटी (माहिती तंत्रज्ञान) विषय काढून वयाच्या पाचव्या वर्षापासून 'कम्प्युटिंग' सक्तीचं केलं. तीन वर्षांनी रॉयल सोसायटीने पाहणी केली तर परिस्थिती 'ठिगळांची आणि नाजूक' निघाली. शिकवणारे शिक्षकच पुरेसे नाहीत. तरी इथे तो वेगळा विषय आहे. तुमच्याकडे 'सर्व विषयांत' म्हणताहेत, म्हणजे कोणाचाच नाही असं होण्याची भीती जास्त. सर्वांची म्हैस उपाशी मरते.

---

लेखणी_कोल्हापूर (गुरुवार, रात्री ८:३०)

मराठीच्या बाईंचा प्रतिसाद राहिला होता. सामान्यरूपं. सातवीला मी नियम सांगत नाही, शब्द देते: लाडू, विंचू, भाऊ. मुलं म्हणतात लाडवाला, विंचवाला, भावाला. नियम लिहा. लिहितात: ऊ काढा, वा लावा. मग चाकू देते. "चाकवाला?" सगळे हसतात. पेरू. "पेरवाला!" मग कोणीतरी शोधून काढतं की चाकू, पेरू बाहेरून आलेले शब्द, म्हणून ते वळत नाहीत. झकास नियम, वर्ग खूश. आणि मी हातातला खडू वर करते.

खडूने आजवर तीन तुकड्यांचे नियम मोडलेत.

व्याकरण म्हणजे कोणीतरी वरून दिलेली यादी, असं मुलांना वाटतं. ते आपल्याच बोलण्यातून शोधायचं असतं, आणि शोधलेला नियम लगेच पाडून बघायचा असतो, एवढं कळलं तरी मला पुरे.

---

वेदमूर्ती (गुरुवार, रात्री ९:१०)

पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत हे सगळं केलं आहे. नासाने सिद्ध केलंय की संगणकासाठी संस्कृत सर्वोत्तम.

---

लंबक_मास्तर (गुरुवार, रात्री ९:३५)

पाणिनी थोरच. सूत्रांची आखणी बघून आजचे संगणकशास्त्रज्ञही थक्क होतात. पण नासाचं तेवढं सोडा. १९८५ मध्ये नासाशी संबंधित रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाचा एक लेख एआय मॅगझिनमध्ये आला. संस्कृत पंडितांची वाक्यविश्लेषणाची पद्धत आणि ज्ञान मांडायच्या तेव्हाच्या संगणकीय पद्धती यांत साम्य आहे, असं त्याचं म्हणणं. त्याचं व्हॉट्सॲपवर काय झालं ते आपण जाणतोच.

---

टवाळखोर (गुरुवार, रात्री ९:३७)

अवांतर: कोल्हापूरच्या बाई, आमच्याकडे सरळ 'लाडूला' म्हणतात. आम्ही बाहेरून आलेलो का?

---

सातारी_कंदी (शुक्रवार, सकाळी ९:००)

भूगोल. आलेखाच्या कागदावर प्रत्येक चौकोनात उंचीचा आकडा. शेजारच्या आठ चौकोनांपैकी ज्याकडे उतार सगळ्यात तीव्र तिकडे बाण काढायचा. बाण जोडत गेलं की ओढा दिसतो, पाणलोट दिसतो. उपग्रहाच्या नकाशावरून संगणकही असंच काढतो. मुलांनी आमच्याच शिवाराचे आकडे घेतले, तर बाण एका चौकोनात शिरले आणि बाहेरच येईनात. रीत अडली. गावातल्या म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तिथं पूर्वी तळं व्हतं."

---

कोडमोडी (शुक्रवार, सकाळी ११:४०)

तळं! मस्त. बरं, माझं पहिलं वाक्य थोडं मागे घेतो. पण थोडंच. कधीतरी विहिरीत उतरायला लागेलच.

आणि संगणक नसलेल्या शाळांसाठी: एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सीएसपाठशाला नावाचा उपक्रम २०१६ पासून आहे, बिनसंगणकाच्या कृती देतात. बेब्रास ही स्पर्धाही बघा, २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झाली. कोडी असतात, कोड नसतो.

---

अवलिया_आजोबा (शुक्रवार, सायंकाळी ६:३०)

पाटीपेन्सिल, तुम्ही निफाडच्या. देवळाली तुमच्याच जिल्ह्यात. तिथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर १९६२ पर्यंत शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नाही, हाताशी यंत्र नाही, वहीत आकडे मांडत बसायचे. १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला कळलं. त्यांचा ६१७४ वर्गात करून बघा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजा करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा, ६१७४ हजर. उदाहरणार्थ ३५२४: ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४.

---

पाटीपेन्सिल (दोन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री १०:१०)

उशिराबद्दल माफी, घटक चाचणी होती. आजोबा, केलं. सविस्तर लिहिते.

फळ्यावर शीर्षक 'कापरेकरांची रीत', खाली पाच पायऱ्या. प्रत्येकाने आपली संख्या घ्यायची. चौसष्ट पोरं, वीस मिनिटं, वर्गात फक्त पेनांचा आवाज. एकेक जण "आलं!" म्हणून ओरडायला लागलं. ज्यांचं आलं नाही त्यांची वजाबाकी शेजाऱ्याने तपासली. (गुरुजी, हातच्याच्या चुका आठवीतही दोनच प्रकारच्या निघाल्या.)

मागच्या बाकावर एक पोरगा आहे, हुशार की आळशी ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वजाबाकी सोपी पडावी म्हणून त्याने १००० घेतले. १००० − ०००१ = ९९९. मग ९९९ − ९९९ = ०. हात वर. "मॅडम, कापरेकर चुकले."

वर्गात दोन तट. एक म्हणे तीन अंक झाले, खेळ संपला. दुसरा म्हणे पुढे शून्य लावून ०९९९ करा. "असं कसं, रीतीत लिहिलेलं नाही!" खरंच नव्हतं, मीच लिहिलं नव्हतं. मी मख्ख चेहरा केला. जमला. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली, जी वर्षभरात तीनदा बोलली असेल. "मॅडम, त्याने पहिल्यांदा लहान संख्या ०००१ केली, तेव्हा पुढची शून्यं चालली. मग आता का नाही?"

शांतता. मग टाळ्या. सहावी पायरी फळ्यावर आली. ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४.

मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं: स्थानिक किंमत मी आठ वर्षं शिकवतेय. पुढचं शून्य 'काही नसतं' की 'जागा धरतं', यावर वर्ग भांडलेला पहिल्यांदा पाहिला.

---

कोडमोडी (त्याच रात्री, ११:३०)

हे वाचून राहवलं नाही. पाच मिनिटांत पायथनमध्ये लिहिलं, १००० ते ९९९९ सगळ्या संख्या चालवल्या. पण ९००० पैकी ७७ संख्या शून्यावर जातात! ९ समजल्या, ११११, २२२२ वगैरे. उरलेल्या ६८ चं काय? कापरेकर खरंच चुकले का?

---

टवाळखोर (त्याच रात्री, ११:३४)

चौदा वर्षांचा अनुभव विरुद्ध आठवी 'ब'. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

लंबक_मास्तर (त्याच रात्री, ११:५०)

कोडमोडी, सहावी पायरी घातलीत का?

---

कोडमोडी (रात्री १२:०२)

...
नाही. ९९९ चं ०९९९ केलंच नव्हतं. ६८ च्या ६८ त्यातून जातात. मी झोपायला जातो.

---

पाटीपेन्सिल (शनिवार, दुपारी २:००)

कोडमोडी, तुमची चूक सोन्यासारखी वापरली. वर्गाला विचारलं: पुण्याच्या एका इंजिनिअरकाकांच्या प्रोग्रामला सहावी पायरी माहीत नव्हती. त्यांच्या किती संख्या ९९९ ला जाऊन अडकल्या असतील? एकेक संख्या तपासायची नाही.

दीड तास गेला, पीटीचा तास उसना घेतला. शोध लागला की तीन अंक सारखे आणि चौथा त्याहून एकने कमी किंवा जास्त असेल तरच ९९९ येतं. ०-१, १-२ पासून ८-९ पर्यंत नऊ जोड्या. प्रत्येक जोडीत दोन प्रकार. वेगळा अंक चार जागी बसू शकतो. ९ × २ × ४ = ७२.

मी सांगितलं, काकांचं उत्तर ६८ आहे. पुन्हा खल. चार कुठे गेल्या? ०००१, ००१०, ०१००, ०१११. मागच्या बाकावरचा म्हणाला, "त्या शून्याने सुरू होतात, चार अंकी नाहीतच. काका बरोबर."

आणि ती पुढच्या बाकावरची: "मग ०९९९ चार अंकी कशी?"

घंटा झाली. सोमवारी काय सांगू?

---

कोडमोडी (शनिवार, दुपारी २:२०)

१००० पासून सुरुवात मीच धरली होती. कोणाला विचारून, ते आठवत नाही. त्या मुलीला काकांचा नमस्कार सांगा.

---

खेड्यातला_गुरुजी (शनिवार, रात्री ९:००)

वह्या बघितल्या. तिघांचा मधल्या शून्यापाशी घोळ आहे. चौथ्याला चष्मा लागलाय.

---

टवाळखोर (शनिवार, रात्री ९:१५)

सगळं ठीक, पण त्या गूगल फॉर्मचं काय झालं?

---

पाटीपेन्सिल (शनिवार, रात्री ९:४०)

भरला, बरोब्बर ५० शब्दांत. हिंदीच्या सरांनाही पाठवला. त्यांनी कापरेकर काढून कबीर घातलाय.